वाचकांचे प्रश्न : लेसरने विहीर खोदता येईल का?

तेल, नैसर्गिक वायू, पाणी किंवा भूगर्भातील उष्णता मिळवण्यासाठी खोदल्या जाणाऱ्या विहिरींमध्ये लेसरचा उपयोग कितपत होऊ शकतो, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : लेसरने पोलादाचे पत्रे कापतात, हे मी कारखान्यात पाहिले आहे. परंतु लेसरने खडक फोडून तेलविहीर खोदण्याची कल्पना आली कोठून, आणि ती प्रत्यक्ष प्रयोगात उतरली आहे का?
— यंत्र अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियात चालवून दाखवला आणि त्याच दशकात खडकावर लेसर रोखून पाहण्याचे प्रयोगही सुरू झाले. त्या काळच्या उपकरणांची शक्ती मात्र इतकी तुटपुंजी होती की खडकाचा पृष्ठभाग तापवून तो थोडा दुबळा करण्यापलीकडे त्यांची मजल गेली नाही. या विषयाला खरी चालना मिळाली ती युद्धसज्जतेच्या आडवाटेने. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८३ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाची महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली आणि तिच्या अनुषंगाने महाप्रचंड शक्तीच्या लेसरांवर मोठा खर्च झाला. शीतयुद्ध संपल्यावर ही यंत्रे आणि ते ज्ञान नागरी कामाला लावता येईल का, असा विचार सुरू झाला. शिकागोच्या गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आणि अमेरिकी सैन्यदलांच्या प्रयोगशाळा यांना बरोबर घेऊन दोन वर्षांचा अभ्यास हाती घेतला. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील ‘मिरॅकल’ हा मेगावॉट श्रेणीचा रासायनिक लेसर आणि त्याच राज्यातील कर्टलँड हवाई तळावरचा ऑक्सिजन-आयोडीन लेसर, हे दोन्ही त्यासाठी वापरण्यात आले. वालुकाश्म, शेल, चुनखडक, ग्रॅनाइट असे निरनिराळ्या जातींचे खडक किरणांसमोर ठेवले गेले. लेसरला दाद देणार नाही असा खडक त्यांत निघाला नाही आणि मोठ्या शक्तीच्या किरणाने वालुकाश्मात काही सेकंदांतच खोल खड्डा पडला.

या निष्कर्षांमुळे उत्साहाची लाट आली, परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे शांतपणे झालेले काम. शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या १.६ किलोवॉट शक्तीचा स्पंदित लेसर घेऊन संशोधकांनी एकच प्रश्न चिकाटीने तपासला : एक घनसेंटीमीटर खडक काढण्यासाठी किती ऊर्जा लागते? किरणाची तीव्रता आणि कालावधी बदलत गेले की खडकावर तीन वेगवेगळे परिणाम होतात. तो तडकून त्याच्या कपच्या उडतात, किंवा तो वितळतो, किंवा त्याची वाफ होते. यांपैकी कपच्या उडवण्यासाठी सर्वांत कमी ऊर्जा लागते. किरण एका जागी जास्त वेळ थांबला की खडक वितळून काच तयार होते, ती काच पुढची ऊर्जा गिळत राहते आणि खड्डा काही खोल होत नाही. म्हणजे अधिक शक्ती ओतली की अधिक काम होईल, ही सुरुवातीची समजूत खरी नव्हती. थोडा वेळ तापवायचे, किरण शेजारी सरकवायचा, उडालेला चुरा नायट्रोजनच्या किंवा हवेच्या झोताने बाजूला करायचा आणि मग पुन्हा पहिल्या जागी यायचे, ही पद्धत अधिक काटकसरीची ठरली.

खडक तडकतो तो त्याच्या घटकांमुळे. वालुकाश्म आणि ग्रॅनाइट यांतील क्वार्ट्झ तापताना झपाट्याने प्रसरण पावते आणि ५७३ अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचनाच बदलते. शेजारच्या थंड दगडाला हे प्रसरण सोसत नाही आणि पापुद्रा सुटतो. शेलमधील चिकणमातीत बांधलेल्या पाण्याची वाफ होऊन ती आतून दाब देते. चुनखडकाची गोष्ट वेगळी आहे : तो वितळण्याऐवजी साधारण ८०० ते ९०० अंशांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड सोडून चुन्यात रूपांतरित होतो, आणि या विघटनासाठी बरीच ऊर्जा खर्च होते. जाळ लावून खडक तडकवण्याची रीत खाणकामात फार जुनी आहे. लेसरने तिला नवे काय दिले, तर उष्णता हव्या त्या बिंदूवर आणि हवा तितकाच वेळ देण्याची सोय.

प्रश्न : मी तेल-वायू क्षेत्रात काम केले आहे. रिगवरची विहीर कधीच कोरडी नसते, तिच्यात तळापासून वरपर्यंत मड, म्हणजे खोदकामासाठी वापरला जाणारा चिखलासारखा दाट द्रव, भरलेला असतो. शिवाय लेसर जमिनीवर आणि खडक दोन-तीन किलोमीटर खाली. प्रकाश तेथपर्यंत पोहोचणार कसा?
— एक निवृत्त कर्मचारी, उरण

उत्तर : आपण या विषयाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. खडक फुटतो की नाही, हा प्रश्न २००० सालाच्या सुमारासच निकालात निघाला होता. तेव्हापासून आजतागायत सारी झुंज चालली आहे ती प्रकाश खाली नेण्याची.

आधी अंतराचा विचार करू. युद्धासाठी बनवलेले रासायनिक लेसर इमारतीएवढे होते आणि त्यांचा प्रकाश आरशांच्या साहाय्याने न्यावा लागे, त्यामुळे विहिरीसाठी ते कधीच उपयोगाचे नव्हते. कारखान्यांतून पत्रे कापण्यासाठी दीर्घकाळ वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेसरही येथे बाद होतो, कारण त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असल्यामुळे त्याचा प्रकाश नेहमीच्या सिलिका (काचेच्या) तंतूतून जाऊच शकत नाही. वाट मोकळी झाली ती फायबर लेसरमुळे. इटर्बियम या धातूचा अंश मिसळलेल्या काचतंतूतच तयार होणारा हा प्रकाश सुमारे १.०७ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो, विजेचे प्रकाशात रूपांतर करण्याची त्याची क्षमता ३० टक्क्यांहून अधिक असते आणि तो दुसऱ्या तंतूतून सहज पुढे पाठवता येतो. तरीही या तरंगलांबीला काचतंतूत दर किलोमीटरला जवळजवळ पाचवा हिस्सा प्रकाश वाटेतच नाहीसा होतो. असे तीन किलोमीटर गेले की वरून सोडलेल्या २० किलोवॉटपैकी तळाशी दहाच उरतात, आणि बाकीचे दहा उष्णतेच्या व विखुरलेल्या प्रकाशाच्या रूपाने वाटेत सोसावे लागतात.

याहून चिवट अडचण म्हणजे ब्रिल्वां प्रकीर्णन. केसाएवढ्या बारीक तंतूत हजारो वॉट प्रकाश कोंबला की तो काचेत ध्वनिलहरी निर्माण करतो आणि त्याच लहरींवरून परावर्तित होऊन उगमाकडे उलटा फिरतो. तंतू जितका लांब, तितका हा परिणाम अधिक लवकर सुरू होतो. प्रकाशाचा वर्णपट थोडा रुंद करणे आणि तंतूचा गाभा जाड घेणे, हे त्यावरचे मुख्य उपाय आहेत. कोलोरॅडोतील फोरो एनर्जी या कंपनीने अमेरिकी ऊर्जा विभागाच्या ‘आर्पा-ई’ या संस्थेच्या अर्थसाहाय्यावर २० किलोवॉट श्रेणीचा प्रकाश लांब तंतूतून नेण्याचे काम केले, ते याच दिशेने होते. या क्षेत्रातली ती मला सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते.

आता मडविषयी. मडमधून प्रकाश जात नाही, यात वादच नाही. स्वच्छ पाणी भरले तरी १.०७ मायक्रॉनचा प्रकाश १० सेंटीमीटर पाण्यात बहुतांश शोषला जातो. काचतंतूत कमीत कमी नुकसान होते ते १.५५ मायक्रॉनला, तेथे किलोमीटरला चार-पाच टक्केच प्रकाश गळतो. पण हाच प्रकाश पाण्यात शिरला की दोन-तीन मिलिमीटरांतच संपतो. तंतूला जे मानवते ते पाण्याला मानवत नाही. म्हणून उपकरणाच्या तोंडाशी वायूचा किंवा पारदर्शक द्रवाचा झोत सोडून किरणापुरती वाट मोकळी ठेवावी लागते. आपण जाणताच की मड केवळ चुरा वर आणत नाही; खडकातील द्रवांचा दाब रोखून विहीर उसळू न देण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. किरणासाठी मड बाजूला केला तर हा दाब कोण सांभाळणार, याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय उच्च दाबाच्या विहिरीत लेसरने खोदकाम करणे मी तरी सुरक्षित मानणार नाही.

प्रश्न : आमच्या भागात काळा कातळ आहे. बोअरची गाडी बोलावली की हॅमरचा खर्च, केसिंगचा (बोअरमध्ये बसवायच्या नळीचा) खर्च, आणि पाण्याची खात्री नाही. लेसरने बोअर घेणे स्वस्त होईल का?
— एक शेतकरी वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : नाही. आपल्यासाठी हा मार्ग स्वस्तही नाही आणि योग्यही नाही, आणि ते हिशेबानेच स्पष्ट होईल.

आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, त्यामुळे तो ग्रॅनाइटसारखा सहज तडकत नाही, तो वितळतो. एक घनसेंटीमीटर बेसाल्ट वितळवण्यासाठी साधारण ५ किलोज्यूल ऊर्जा लागते. साडेसहा इंची बोअरच्या एक मीटर लांबीत सुमारे २१,४०० घनसेंटीमीटर खडक असतो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३० युनिट ऊर्जा केवळ प्रकाशाच्या रूपात हवी. २०० फुटांच्या बोअरला अशी सुमारे १,८०० युनिट लागतील. लेसरची क्षमता ४० टक्के धरली तर वीज साडेचार हजार युनिटांच्या घरात जाईल आणि २० किलोवॉटचा लेसर अखंड चालला तरी जवळजवळ चार दिवस लागतील. आजूबाजूच्या दगडात मुरणारी उष्णता आणि वितळलेला रस बाहेर काढण्याचे श्रम यात धरलेलेच नाहीत. हवेच्या दाबावर चालणारा हॅमर तोच खडक चुरतो तेव्हा त्याला या ऊर्जेचा दहावा हिस्साही खडकावर खर्च करावा लागत नाही आणि गाडी एका दिवसात काम आटोपून जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी मिळते ते सांध्यांतून, भेगांतून, झिजलेल्या थरांतून आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून. वितळलेल्या खडकाची काच नेमक्या त्याच भेगा बुजवील. पाणी लागण्याची खात्री खोदण्याच्या साधनावर अवलंबून नसते. ती जागेच्या भूशास्त्रीय पाहणीवर आणि पाणलोटात किती पाणी मुरते यावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत, त्यामागेही हाच विचार आहे. गाडी बोलावण्याआधी पाहणीवर केलेला खर्च वाया जात नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : खोदकाम झाल्यावर विहीर ‘पूर्ण’ करताना लेसर वापरतात, असे वाचनात आले. म्हणजे नेमके काय करतात? आज त्याचा उपयोग कोठे होतो?
— पेट्रोलियम अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : माझ्या मते लेसरची खरी जागा येथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

खोदून झालेल्या विहिरीत पोलादी केसिंग उतरवून तिच्या आणि खडकाच्या मधली फट सिमेंटने भरली जाते. त्यामुळे विहीर ढासळत नाही आणि वेगवेगळ्या थरांतील पाणी, तेल, वायू एकमेकांत मिसळत नाहीत. परंतु ज्या थरातून तेल हवे आहे, तोही बंद होतो. म्हणून ठरावीक खोलीवर केसिंग आणि सिमेंट भेदून खडकात छिद्रे पाडावी लागतात. गेली कित्येक दशके हे काम आकारित स्फोटकांनी होत आले आहे. एका नळीत ओळीने बसवलेल्या या स्फोटकांतून धातूचा अतितीव्र झोत सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने सुटतो आणि पापणी लवण्याच्या आत पोलाद, सिमेंट व खडक भेदून जातो.

पण हा झोत खडक बाहेर काढत नाही, तो बाजूला दाबतो. छिद्राभोवती चुरडलेल्या, घट्ट झालेल्या खडकाचे एक आवरण तयार होते आणि ज्या वाटेने तेल यायचे, तीच वाट अरुंद होते. म्हणजे पार्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) वाढवण्यासाठी केलेले छिद्र स्वतःच्या भिंतीत पार्यता घटवते. हे नुकसान भरून काढण्यासाठी मग आम्ल सोडणे, दाबातला फरक साधून चुरा बाहेर खेचणे असे आणखी उपाय करावे लागतात.

लेसरचे छिद्र याउलट असते. त्यात आघात नसतो, खडक काढून टाकला जातो, आणि प्रयोगशाळेत वालुकाश्माच्या नमुन्यांवर असे दिसले की छिद्राभोवतीची पार्यता घटण्याऐवजी वाढते. कारण चिकणमातीतील पाणी निघून जाते, ती आक्रसते आणि सूक्ष्म भेगा पडतात. खडक वितळू दिला तर मात्र हा सगळा लाभ हातचा जातो, म्हणून किरणावर नियंत्रण हवे. शिवाय छिद्राचा आकार, दिशा आणि लांबी ठरवता येते. पूर्ण विहिरीचा खडक काढण्यासाठी जी ऊर्जा अवाढव्य वाटते, ती एक-दोन सेंटीमीटर व्यासाच्या छिद्रासाठी अगदी आवाक्यातली असते. गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने ५ किलोवॉट श्रेणीच्या फायबर लेसरने अशी छिद्रे पाडून पाहिली. सौदी अरामको ही कंपनी तर या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करीत असून तिने प्रयोगशाळेतले उपकरण प्रत्यक्ष क्षेत्रावर नेण्यापर्यंत मजल मारली आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. विद्युत डिटोनेटर जोडताना रिगवर रेडिओसंदेश बंद ठेवावे लागतात, स्फोटकांची साठवण आणि वाहतूक कडक परवान्यांखाली होते, आणि न उडालेले स्फोटक वर आले तर ते हाताळणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. आपल्या देशात या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. लेसर बंद केला की त्याचा धोका तेथेच संपतो. अर्थात तो चालू असताना डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, आणि ज्वलनशील वायूच्या सान्निध्यात ऑक्सिजन येऊ न देण्याची दक्षता घ्यावीच लागते. म्हणूनच झोतासाठी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू पसंत केला जातो.

एवढे असूनही स्फोटके मागे का पडली नाहीत? कारण वेग. स्फोटकांची नळी एका क्षणात शेकडो छिद्रे पाडते. लेसरला प्रत्येक छिद्रासाठी थांबावे लागते, आणि रिगचे प्रत्येक तासाचे भाडे मोजावे लागते. त्यामुळे जेथे छिद्रे थोडी पण गुणवत्ता निर्णायक, जेथे खडक स्फोटाने फार चुरडतो, किंवा जेथे स्फोटके नेणेच अवघड, तेथे लेसरचा विचार आधी होईल. जुन्या समुद्री विहिरी बंद करताना एकात एक बसवलेल्या अनेक केसिंग कापाव्या लागतात. पोलाद कापणे हे लेसरचे सिद्ध झालेले काम असल्यामुळे फोरो एनर्जीने पुढे आपले लक्ष याच कामाकडे वळवले. मला ते शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : लेसरने विहिरीची भिंत वितळवून काचेचे अस्तर करता येईल आणि केसिंगची गरजच उरणार नाही, हे खरे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या मांडणीत ही आशा होती खरी. पण खडकाची काच निवताना आक्रसते आणि तडकते, आणि काचेला दाब जितका सोसतो तितका ताण सोसत नाही. केसिंगला दशकानुदशके दाब, ताण, तापमानातील चढउतार आणि गंज सहन करावे लागतात आणि तिच्या जोडांची चाचणी घेता येते. हजारो मीटर लांबीच्या काचेच्या अस्तरात एकही तडा नाही, याची हमी देण्याचा व्यवहार्य मार्ग आज नाही. भूजलाचे रक्षण ज्या आवरणावर अवलंबून आहे, तेथे ही जोखीम घेऊ नये.

प्रश्न : कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विहीर खोदली गेली. अशा किंवा याहून खोल विहिरींसाठी लेसर उपयोगी पडेल का?
— भूगोलाचे एक शिक्षक, कराड

उत्तर : ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या भूगर्भाचा जो अखंड अभ्यास चालू आहे, त्याचा भाग म्हणून गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीची प्रायोगिक विहीर पूर्ण झाली. तिच्यात सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. कठीण खडकात ड्रिल बिट, म्हणजे पाइपच्या टोकाचे खडक कापणारे पाते, झिजते आणि ते बदलण्यासाठी सगळे पाइप एकामागून एक वर काढून पुन्हा उतरवावे लागतात; विहीर जितकी खोल, तितके यात अधिक तास जातात. रशियातील कोला येथील विहीर १९८९ मध्ये १२,२६२ मीटरांवर आणि जर्मनीतील केटीबी १९९४ मध्ये ९,१०१ मीटरांवर थांबली, त्यामागे उष्णता आणि खडकाची अस्थिरता यांचा मोठा वाटा होता. न झिजणाऱ्या साधनाचे आकर्षण म्हणूनच खोल विहिरींसाठी सर्वाधिक आहे.

येथे केवळ लेसरवर विसंबण्यापेक्षा जोडपद्धत अधिक आशादायक दिसते. किरणाने बिटाच्या पुढचा खडक तापवून दुबळा करायचा आणि तो खरवडून काढण्याचे काम बिटानेच करायचे. म्हणजे ऊर्जा कमी लागते, बिटावरचा भार घटतो आणि ते अधिक काळ टिकते. फोरो एनर्जीला ‘आर्पा-ई’ने दिलेले साहाय्य भूऔष्णिक विहिरींसाठी याच पद्धतीच्या विकासाकरिता होते. दुसरी वाट मिलिमीटर लहरींची आहे. एमआयटीतील पॉल वॉस्कोव्ह यांनी अणुसंमीलनाच्या संशोधनात वापरला जाणारा जायरोट्रॉन, म्हणजे अशा लहरी निर्माण करणारे शक्तिशाली उपकरण, खडक वितळवण्यासाठी वापरण्याची कल्पना विकसित केली आणि तिच्यावर उभी राहिलेली क्वेझ ही कंपनी अमेरिकेत क्षेत्रीय चाचण्या करीत आहे. या लहरींना काचतंतूची गरज नसते, त्या धातूच्या नळीतून खाली जातात, आणि त्यांची तरंगलांबी मोठी असल्यामुळे धूळ व धूर यांचा त्यांना प्रकाशाइतका अडथळा होत नाही.

कोयनेसारख्या वैज्ञानिक विहिरीसाठी मात्र मी उष्णतेवर चालणारे कोणतेच साधन सुचवणार नाही. तेथे खोल जाणे हे साधन आहे. हेतू आहे तो खडक मूळ स्थितीत हाती येण्याचा. त्यातील भेगांची दिशा, भेगांत साचलेली खनिजे, अडकलेले वायू आणि पाणी यांवरूनच भूकंप घडवणाऱ्या प्रस्तरभंगाची (खडकातील सरकणाऱ्या भेगेची) माहिती मिळते. वितळलेल्या किंवा भाजलेल्या खडकातून यांतले काहीच वाचता येत नाही. तेथे हिऱ्याच्या कणांचे बिट लावून खडकाचा अखंड दंडगोल, म्हणजे गाभा, काढण्याची संथ पद्धतच वापरायला हवी.